वाचनालयाच्या पुस्तकांसाठी विकत मिळणाऱ्या वस्तू: विदर्भाच्या हवेत काय टिकतं, काय फसतं

गावच्या वाचनालयाकडे पुस्तकांच्या देखभालीसाठी वेगळे पैसे सहसा नसतात. ‘क’ किंवा ‘ड’ वर्गाच्या शासनमान्य ग्रंथालयाला मिळणारं अनुदान वर्तमानपत्रं, नवी पुस्तकं, वीजबिल आणि ग्रंथपालाचं तुटपुंजं मानधन यांतच संपतं. उरलंसुरलं मार्चअखेर घाईनं खर्ची पडतं आणि त्या घाईत ठरलेली खरेदी होते: एक मोठं लोखंडी कपाट, किलोभर डांबर गोळ्या, डझनभर सेलोटेपची रिळं आणि वर चमकदार प्लॅस्टिकची कव्हरं. या चारांपैकी दोन वस्तू पुस्तकांना उघड अपाय करतात, एक निम्मीच कामाची आहे आणि चौथी कोणत्या प्लॅस्टिकची आहे यावर सगळं अवलंबून. नागपूर-अमरावतीच्या बाजारात किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या अशा वस्तू आणि दोन-तीन सेवा इथे विदर्भातल्या हवामानाच्या हिशेबानं तपासल्या आहेत. पुण्या-मुंबईकडचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. मे महिन्यात दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास घसरते आणि ऑगस्टात सकाळी पंच्याऐंशी-नव्वदवर जाते, हे एकाच खोलीत, एकाच कपाटाला सोसायचं असतं.

आधी आर्द्रतामापक

पहिली खरेदी डिजिटल आर्द्रतामापकाची. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा, खिशात मावेल एवढा, साधारण ३०० ते ६०० रुपयांत मिळतो. स्वस्त यंत्र पाच टक्के इकडेतिकडे दाखवतं, म्हणून आल्याबरोबर तपासून घ्यावं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घेऊन थेंब-थेंब पाण्यानं ओलसर लगदा करायचा, मीठ विरघळून पाणी होता कामा नये. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या बरणीत आठ-दहा तास ठेवायचं. आत आर्द्रता ७५ टक्के व्हायला हवी. यंत्र ७१ दाखवत असेल तर त्याच्या आकड्यात चार मिळवायचे आणि तसं त्याच्या पाठीवर पट्टी लावून लिहून ठेवायचं.

हा आकडा कळल्यावर बाकीची खरेदी आपोआप शहाणी होते. ४५ ते ५५ टक्के ही पुस्तकांसाठी सुखाची पातळी. ६५च्या वर काही दिवस सलग राहिलं की बुरशीला वाट मोकळी होते, ७०च्या वर तर ती येतेच. ३०च्या खाली कागद आणि जुनी खळ दोन्ही ठिसूळ होतात. मेमधलं पुस्तक उघडताना पुठ्ठ्याच्या सांध्याशी कडकड वाजतं ते त्यामुळेच.

यात कुलरचा भाग मोठा आहे. मेमध्ये वाचनालयात कुलर लावला तर खोलीतली आर्द्रता पन्नास-साठवर येते, जी वाचकांना आणि पुस्तकांनाही बरी. फक्त कुलरच्या तोंडासमोर रॅक नको, कारण ताटीतून उडणारे बारीक तुषार थेट पुस्तकांच्या पाठीवर बसतात आणि पुठ्ठे वाकतात. खरा घोळ मृग लागल्यावर होतो. बाहेरची हवा आधीच ओली, उकाडा तर हटलेला नसतो, म्हणून कुलर सुरूच राहतो आणि खोली पंच्याऐंशीवर जाते. पंधरा दिवसांत खालच्या कप्प्यातल्या पुस्तकांना कुबट वास सुटतो. मापकावर ६० दिसायला लागलं की कुलरचं पाणी बंद, नुसता पंखा, एवढा एक नियम भिंतीवर लावला तरी सहाशे रुपये वसूल.

लोखंडी कपाट: नावाजलेलं, पण मापात चुकलेलं

७८ इंच उंच, ३६ इंच रुंद, १९ इंच खोल. घरोघरी दिसणारं हेच कपाट वाचनालयातही येतं, कारण दुकानदाराकडे तेच तयार असतं आणि समितीतल्या प्रत्येकाच्या घरी तेच असतं. उंदीर, धूळ, चोरी, कुलपाची सोय या सगळ्यात ते पक्कं. पण ते कपड्यांसाठी आणि फायलींसाठी बेतलेलं आहे. मराठी पुस्तकाची रुंदी साडेपाच-सहा इंच, उंची साडेआठ-नऊ. एकोणीस इंच खोलीत माणूस साहजिकच दोन रांगा लावतो. मग मागची रांग कुणी पाहत नाही, तिथे हवा फिरत नाही, कसर, म्हणजे कागद खाणारी बारीक कीड, तिथूनच सुरू होते आणि पुढची पुस्तकं उपसल्याशिवाय मागचं सापडत नाही, म्हणून उपसताना पुढच्यांच्या पाठी फाटतात.

हिशेब बघा. एका फळीवर एका रांगेत साधारण चाळीस पुस्तकं बसतात, वजन चौदा-पंधरा किलो. दोन रांगा लावल्या की तीस. २२ गेजच्या पत्र्याची, खाली आडवी पट्टी नसलेली फळी या ओझ्यानं मधोमध झोल खाते. फळी वाकली की पुस्तकं एकमेकांवर रेलतात आणि रेललेल्या पुस्तकाचा पुठ्ठा फर्म्यांपासून, म्हणजे पानांच्या शिवलेल्या जुड्यांपासून, सुटतो.

म्हणून कपाट घ्यायचंच तर वाचनालयी बुककेस घ्यावं, खोली बारा ते पंधरा इंच. नागपूरच्या इतवारी किंवा गांधीबागेतून आणा नाहीतर तालुक्याच्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या, ऑर्डर देताना एवढं लिहून द्यावं: पत्रा २० गेज, म्हणजे साधारण ०.९ मिलीमीटर, प्रत्येक फळीखाली लांबीभर एक वळवलेली पट्टी, फळ्या वरखाली सरकवता येतील अशा, दोन फळ्यांत अकरा-बारा इंच अंतर, पाय सहा इंच उंच, दोन्ही बाजूंना वर आणि खाली जाळी लावलेली हवेची भोकं, जाळी एवढी बारीक की झुरळ शिरणार नाही. फळ्या नेहमीपेक्षा एक जास्त मागावी. नेहमीच्या पंधरा इंच उंचीच्या कप्प्यात पुस्तकांवर सहा इंच जागा वाया जाते आणि मग तिथे आडवी पुस्तकं कोंबली जातात. रंग पावडर कोटिंगचाच. ब्रशनं मारलेल्या तेलरंगाचा वास महिनोन्‌महिने जात नाही, आणि पावसाळ्यात त्याला पुस्तकं चिकटतात.

आधीच १९ इंची कपाट असेल तर फेकायची गरज नाही. एकच रांग लावा, पुस्तकं फळीच्या पुढच्या कडेला जुळवून ठेवा आणि मागची जागा मोकळी सोडा. ती जागा वाया गेली असं वाटतं, पण हवा फिरते ती तिथूनच.

ठेवायची जागाही तेवढीच महत्त्वाची. पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावलं तर मेमध्ये पत्रा तापतो आणि कपाटाची भट्टी होते. बाहेरून ओल येणाऱ्या भिंतीला लावलं तर पावसाळ्यात मागचा पत्रा गार पडून आतून घाम सुटतो, पाठीमागच्या पुस्तकांवर गंजाचे तपकिरी डाग येतात ते त्यातूनच. भिंतीपासून चार इंच अंतर, आतली भिंत. टिनाच्या छताखाली कपाटाचा माथा छतापासून हातभर तरी खाली हवा. कवेलूचं छत असेल तर प्रत्येक रॅकच्या माथ्यावर प्लॅस्टिकचा कागद पुढे थोडा लोंबता ठेवून बांधावा. पुस्तकांवर थेट पांघरू नये, खाली ओल कोंडते.

लाकडी आणि प्लायच्या कपाटांबद्दल दोनच ओळी. जुनं सागवानी कपाट असेल आणि उधई (वाळवी) नसेल तर उत्तम. नवं प्लाय किंवा एमडीएफ मात्र पुस्तकांसाठी नको, त्यातून निघणारी आम्ल वाफ बंद कपाटात कागद पिवळा करते.

स्लॉटेड अँगलचा उघडा रॅक हा पैशांच्या मानानं सर्वांत चांगला सौदा. पट्टीची खोली बारा इंच घ्यावी. तीन गोष्टी बघाव्यात: मागून तिरपी कैची लावलेली आहे का, पायांना बूट आहेत का आणि नटबोल्टची टोकं पुस्तकांच्या बाजूला तर निघत नाहीत ना. बोल्ट उलटे बसवलेले रॅक सर्रास दिसतात. दरवेळी पुस्तक सरकवलं की शेवटच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर तोच एक ओरखडा, आणि दोन वर्षांत तिथे आरपार भोक. रॅक उघडा म्हणजे धूळ आलीच. जिनिंगच्या हंगामात कापसाचा तंतू आणि तुरीच्या कुटाराची भुकटी हवेत असते, ती पुस्तकांच्या माथ्यावर बसते आणि ओल धरून ठेवते. पुढे साधा सुती पडदा लावला की पुष्कळ भागतं.

टेकू, म्हणजे एल आकाराचा पत्र्याचा बुकएंड, प्रत्येक अर्धवट भरलेल्या फळीला एक. समित्या हीच वस्तू हमखास विसरतात. पुस्तकं उभी, सरळ, आणि एवढीच घट्ट की मधलं पुस्तक काढताना शेजारची दोन सोबत ओढली जाऊ नयेत. काढताना वरून पाठीच्या टोकाला बोट अडकवून ओढायचं नाही. शेजारची दोन जरा मागे ढकलून मधलं कमरेत धरायचं. पाठ वरच्या बाजूनं उचकटलेली पुस्तकं मोजली की ग्रंथालयात कसं हाताळलं जातं ते कळतं.

सिलिका जेलच्या पुड्या

ऑनलाइन विक्रेते ‘पुस्तकांसाठी’ म्हणून पन्नास-शंभर ग्रॅमच्या पुड्यांचा संच विकतात. कपाटात चार पुड्या टाका आणि निश्चिंत व्हा, असं सांगतात. गणित जुळत नाही. एका कपाटात सत्तर किलो पुस्तकं धरा. हवा ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेली की कागदातलं पाणी सहा-सात टक्क्यांवरून दहा-अकरा टक्क्यांवर जातं, म्हणजे सत्तर किलोत अडीच ते तीन लिटर पाणी. सिलिका जेल आपल्या वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा पाणी शोषतं. एवढं पाणी ओढायला दहा किलोच्या आसपास जेल लागेल, आणि तेही कपाट हवाबंद असेल तर. दिवसातून दहादा दार उघडणाऱ्या कपाटात चार पुड्या दुपारपर्यंत भरून जातात.

जेल उपयोगाचं आहे, पण ते छोट्या हवाबंद डब्यात. जुनी हस्तलिखितं, गावच्या नोंदी, संस्थेचे जुने दस्तऐवज झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायचे असतील तर किलोभर कागदाला शंभर-दीडशे ग्रॅम पुरतं. नारिंगी रंगाचं घ्यावं, ओल भरली की ते हिरवं होतं. निळं टाळावं, त्यातला कोबाल्ट क्लोराइड विषारी आहे. भरलेलं जेल ११० ते १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा कामाचं.

कपाटासाठी याहून बरा उपाय फुकट आहे. पावसाची उघडीप असेल तेव्हा मापक एकदा बाहेर, एकदा कपाटात ठेवून बघायचं. बाहेरचा आकडा कमी असेल तरच दारं उघडायची, पंखा लावायचा, आणि सूर्य कलला की बंद करायची. भरपावसात दारं उघडून ‘हवा लागू द्या’ म्हणणं म्हणजे कागदाला पाणी पाजणं.

डांबर गोळ्या आणि इतर औषधं

डांबर गोळी म्हणजे नॅप्थलीन. तिची वाफ हवाबंद पेटीत साठली तर कीटक मरतात. वाचनालयाच्या कपाटात ती साठत नाही. मेच्या उन्हात गोळ्या दोन-तीन आठवड्यांत उडून जातात, वाफ पुस्तकांवर आणि कव्हरांवर बारीक पांढऱ्या स्फटिकांनी बसते, काही प्लॅस्टिक त्यानं मऊ पडतं. बुरशीवर, उधईवर काही परिणाम नाही. माणसांवर मात्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नॅप्थलीनला संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत ठेवलं आहे, आणि जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या मुलांमध्ये त्यानं तांबड्या पेशी फुटतात. शाळेची पोरं जिथे बसून वाचतात त्या खोलीत ही वस्तू नको. गुण शून्य.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे धान्याची गोळी. घरात ज्वारी-गव्हाच्या कोठीसाठी आणलेली ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी कुणी ‘कपाटातही टाकून देऊ’ म्हणतं. तिच्यातून निघणारा फॉस्फीन वायू माणूस मारतो. परवानाधारक धूरीकरणवाल्याशिवाय ती हाताळायचीच नाही. गमॅक्सिन नावाच्या जुन्या भुकटीवर देशात बंदी आहे, तिचा जुना साठा सापडला तर कृषी विभागाला कळवा.

कडुनिंबाचा पाला घालायची पद्धत सगळीकडे आहे. ओला पाला कधीच नाही, तो स्वतःच ओल सोडतो आणि पानांवर हिरवट डाग पाडतो. सावलीत कुरकुरीत वाळवून सुती पुरचुंडीत बांधला तर अपाय नाही, उपाय थोडासा. वेखंडाची पूड त्याहून बरी. दोन्ही तीन-चार महिन्यांनी बदलावी लागतात. पुरचुंडी फळीच्या कोपऱ्यात, पुस्तकाच्या पानांत नाही.

कसर आणि झुरळांवर खरा उपाय म्हणजे झाडू आणि ब्रश. दोन इंची मऊ केसांचा रंगाचा ब्रश घ्यावा, पंखांचा झटकणा नको, तो धूळ नुसती इकडची तिकडे करतो. पुस्तक घट्ट मिटून धरायचं आणि माथ्यावरची धूळ पाठीकडून पुढच्या कडेकडे, एकाच दिशेनं, दाराबाहेर झाडायची. ओल्या फडक्यानं कधीच नाही.

उधईची ट्रीटमेंट: काय विचारावं

कंपन्या पाच-पाच वर्षांची हमी देतात, पण काम काय करणार यावर सगळं आहे. भिंतीच्या कडेनं नुसता फवारा मारून जाणारे पुष्कळ. चालू इमारतीसाठी भारतीय मानक ६३१३चा तिसरा भाग आहे, त्यानुसार काम मागावं. भिंत आणि फरशीच्या सांध्यात बारा मिलीमीटर व्यासाची भोकं, दर तीस सेंटीमीटरला एक. प्रत्येक भोकात द्रावण जिरेपर्यंत ओतायचं, जास्तीत जास्त एक लिटर, आणि मग सिमेंटनं बुजवायचं. बाहेरून जोत्याच्या कडेलाही तसंच. दारा-खिडक्यांच्या लाकडी चौकटीत वेगळी बारीक भोकं. ही चार वाक्यं दरपत्रकात लिहून मागितली की दर वाढतो, पण फवारेवाले आपोआप गळतात.

काळ्या मातीच्या गावात आणखी एक काळजी. उन्हाळ्यात जोत्यालगत भेगा पडतात, त्यातून औषधाचा पट्टा तुटतो आणि उधई नेमकी तिथूनच वर येते. म्हणून पावसाआधी भेगा बुजवून मगच ट्रीटमेंट घ्यावी. कामाच्या दिवशी रॅक भिंतीपासून तीन फूट सरकवून झाकलेले हवेत. पुस्तकांवर औषधाचा एक थेंबही नको. भिंतीवर मातीची नळी दिसली तर ती खरडून टाकून समाधान मानू नये. ती कुठून येते ते बघायला आधी खालपर्यंत माग काढावा, मगच मोडावी.

कव्हरं

बाजारात मिळणारं जाड, मऊ, चकचकीत कव्हर बहुधा पीव्हीसीचं असतं. उन्हाळ्यात ते मुखपृष्ठाला चिकटतं, शाई उचलतं, आणि काही वर्षांत पिवळं-चिकट होऊन आम्ल सोडतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर, पन्नास मायक्रॉनच्या आसपास जाडीचं, हे चांगलं. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, त्यालाही माहीत नसतं. छोटा तुकडा पाण्यात बुडवून सोडा. वर तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथीन, दोन्ही चालतील. बुडाला तर पीव्हीसी किंवा पॉलिस्टर. मग तांब्याची तार गॅसवर लाल करून त्या तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी, परत करा. ही तपासणी खिडकीजवळ करावी, धूर हुंगू नये.

कव्हर पुठ्ठ्याला टेपनं चिकटवू नये, आत दुमडून कव्हरालाच कव्हर चिकटवावं. पुस्तक पूर्ण उघडेल एवढी ढील सांध्याशी ठेवली नाही तर पहिल्याच वाचकाच्या हातात पुठ्ठा सुटतो. लॅमिनेशन मात्र पानांना कधीही करू नये. ते परत निघत नाही.

सेलोटेप आणि त्याचे पर्याय

फाटलेलं पान पाहिलं की टेप लावावीशी वाटणं समजण्यासारखं आहे, पहिले काही महिने ती झकास दिसतेही. तिचा डिंक रबराचा. विदर्भाच्या उन्हात तो पातळ होऊन कागदाच्या धाग्यांत उतरतो आणि पान तेलकट, पारदर्शक दिसायला लागतं. मग पिवळा, मग तपकिरी. शेवटी वरची पट्टी कोरडी होऊन गळून पडते, डाग राहतो, आणि तो डाग पाण्यानं वा अल्कोहोलनं निघत नाही. तोवर चिकट कडांना शेजारची पानंही लागलेली असतात.

पर्याय तयार करायला सोपा आहे. सीएमसी, म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज. आइस्क्रीम आणि बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात ही पांढरी भुकटी मिळते. मिश्रण नव्हे, निव्वळ सोडियम सीएमसी मागावी. शंभर मिलीलिटर कोमट पाण्यात तीन ग्रॅम भुकटी हळूहळू भुरभुरवत ढवळायची, एकदम ओतली तर गाठी होतात. रात्रभर ठेवली की सकाळी गाठी विरलेला दाट, पारदर्शक गोंद तयार. शिजवायला नको, कीटकांना मैद्याच्या खळीइतका आवडत नाही, आणि पुढे कधी काढायचा झाला तर ओल्या बोळ्यानं सुटतो.

पट्टीसाठी चौरस मीटरला नऊ ते बारा ग्रॅम वजनाचा जपानी टिश्यू किंवा पातळ नेपाळी हातकागद ऑनलाइन मागवावा लागतो, जिल्ह्याच्या गावी मिळत नाही. थोडा महाग आहे, पण एक ताव शेकडो फाटक्या पानांना पुरतो. पट्टी कात्रीनं कापायची नाही. ओल्या ब्रशनं रेघ ओढून हातानं फाडायची, म्हणजे कडेला धागे सुटतात आणि जोड बोटाला लागत नाही. रुंदी आठ-दहा मिलीमीटर. पानाखाली बटर पेपर, फाटल्या कडा जुळवायच्या, पट्टीला गोंदाचा पातळ हात, पट्टी बसवून कोरड्या ब्रशनं मधून बाहेर दाबायची. वर पुन्हा बटर पेपर, टिपकागद आणि दीड-दोन किलोचं वजन, तीन तास. गोंद जास्त झाला तर पान आक्रसतं, एवढीच सावधगिरी.

मैद्याची खळ सांध्याच्या कामाला अजून चांगली आहे, पण तिच्यात मोरचूद घालायची जुनी सवय सोडावी. कीड येत नाही हे खरं, पण तांब्याचा तो क्षार कागदच जाळतो. लाकूडकामाचा फेविकॉल पानांना लावू नये, कडक होतो आणि पान त्याच रेषेवर तुटतं. नव्या पुस्तकाची सुटलेली पाठ बसवायला कागदासाठीचा पांढरा गोंद चालतो.

बाइंडर

तालुक्याचा बाइंडर स्वस्तात आणि वेळेत काम करतो, पण त्याला नेमकं सांगितलं नाही तर तो सवयीनं तीन गोष्टी करतो. पुस्तकाच्या बाजूनं आरपार टोच मारून शिवतो, मग पुस्तक सपाट उघडत नाही आणि वाचक ते दाबून पाठ मोडतो. कटर मशीनवर तिन्ही बाजू कापतो, दुसऱ्या बांधणीला मजकुरापर्यंत पातं येतं. आणि वरून रेक्झिन लावतो, जे उन्हाळ्यात शेजारच्या पुस्तकाला चिकटतं. पुस्तकासोबत चिठ्ठी द्यावी: फर्मे सुटे करून फर्म्यांवरच शिलाई, सुती दोरा, कटाई अजिबात नाही किंवा दोन मिलीमीटरपेक्षा कमी, पाठीला आणि कोपऱ्यांना कापड, पुठ्ठ्याची आणि अस्तराच्या कागदाची रेषा, म्हणजे त्यांतल्या धाग्यांची दिशा, पाठीला समांतर. शेवटची अट न पाळल्यास पहिल्याच पावसाळ्यात पुठ्ठे पन्हाळीसारखे वळतात. पहिल्या खेपेला पाचच पुस्तकं द्यावीत आणि ती उघडून टेबलावर सपाट बसतात का बघावं.

डीप फ्रीझर, उधारीवर

पानांत बारीक गोल भोकं आणि फळीवर पिठासारखा भुगा दिसला तर आत भुंग्याची अळी आहे. औषधापेक्षा थंडी सरस. पुस्तक जाड पॉलिथीनच्या पिशवीत हवा काढून टेपनं बंद करायचं आणि उणे अठरा अंशांवर दोन आठवडे ठेवायचं. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा भारनियमनात ही पातळी धरत नाही. आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर धरतो, आणि पिशवी बंद असल्यानं त्याच्या मालालाही काही होत नाही. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर पुस्तकावर दव जमतं. मेच्या उन्हात पुस्तकं वाळत घालून कीड मारण्याचा प्रकार मात्र बंद करावा. अळी आतल्या सावलीत जगते, आणि बाहेर कागद करपतो.

ओल्या पुस्तकांनाही हाच फ्रीझर कामी येतो. छत गळून वीस-पंचवीस पुस्तकं भिजली तर पंख्याखाली उभी करून पानं पंख्यासारखी उघडी ठेवावीत, दर वीस-तीस पानांत टिपकागद घालून तो बदलत राहावं. अट्ठेचाळीस तासांत वाळली नाहीत तर बुरशी येते, म्हणून हाताखाली माणसं नसतील तर जेवढी होत नाहीत तेवढी लगेच गोठवावीत आणि पुढे सवडीनं थोडी थोडी वाळवावीत. गुळगुळीत आर्ट पेपरची चित्रांची पुस्तकं आधी घ्यावीत, ती एकदा चिकटून वाळली की पानं सुटत नाहीत.

देवघेवीची पिशवी

सर्वांत स्वस्त वस्तू शेवटी. प्रत्येक वाचकाला पुस्तकासोबत झिपची प्लॅस्टिक पिशवी द्यावी, जून ते सप्टेंबर सक्तीनं. शेतातून, एसटीतून, सायकलच्या कॅरिअरवरून पुस्तक येतं. उन्हाळ्यात पिशवीपेक्षा सूचना जास्त कामाची: पुस्तक उभ्या गाडीत किंवा डिक्कीत ठेवू नका. नव्या पुस्तकांच्या पाठीला गरम करून लावलेला डिंक असतो, उन्हात उभ्या गाडीत तो मऊ पडतो आणि पानं झुबक्यानं सुटतात. पिशवी मात्र घरी गेल्यावर उघडायची, हे वाचकाला सांगावं लागतं. बंद पिशवीत ओलं पुस्तक आठवडाभर राहिलं तर कोरड्या हवेत उघड्यावर राहिल्यापेक्षा वाईट.

परत आलेलं पुस्तक त्याच दिवशी रॅकवर लावू नये. टेबलावर एक रात्र वेगळं ठेवावं, सकाळी माथ्यावरून ब्रश फिरवून, पाठीचा सांधा आणि मधली दोन-चार पानं बघून मग जागेवर. मोरपीस, पावत्या, दुमडलेली वर्तमानपत्रं, वाळलेली फुलं यातलं काही आत असेल तर काढून टाकावं, आणि स्टेपलची पिन असेल तर नखानं ओढू नये, पाठीमागून तिचे पाय सरळ करून मगच काढावी.